नवीन हेडफोनचा माइक डेस्कटॉपवर चालत नाहीये, पण कानावरच्या कपावर टिचकी मारली की पट्टी हलते!

गिरगावची_लेक | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी मदत हवीये आणि थोडी घाईपण आहे. माझे बाबा, वय ७४, गेली चार वर्षं अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देतात. घरच्याच डेस्कटॉपवर, विंडोज १० आहे, रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, चुका कापणं जोडणं सगळं स्वतःचं स्वतः शिकलेत. सध्या दहावीचा भूगोल चालूय. रविवारपर्यंत दोन धडे द्यायचेत कारण मुलांची चाचणी आहे आणि आवाजाशिवाय ती मुलं अभ्यास करणार कशावरून. त्यामुळे बाबा अस्वस्थ आहेत, जेवणात लक्ष नाही.

झालंय असं की जुना हेडफोन गेला. त्याला दोन पिना होत्या, गुलाबी आणि हिरवी. मी नवीन आणला, पुढे दांडी आणि दांडीला माइक, पण पिन एकच. हिरव्या भोकात घातली तर ऐकू येतं, माइक नाही. गुलाबी भोकात घातली तर ऐकू पण येत नाही आणि माइक पण नाही. माझ्या मोबाईलला लावला तर दोन्ही व्यवस्थित, म्हणजे हेडफोन चांगला आहे.

आता विचित्र गोष्ट. गुलाबी भोकात पिन असताना माइकसमोर कितीही बोला, सेटिंगमधली आवाजाची पट्टी ढिम्म हलत नाही. पण डाव्या कानाच्या कपावर टिचकी मारली की हलते! हे मी तीनदा करून बघितलंय. कोणाला काही कळतंय का?

झटपट | सोमवार, रात्री ९:४८

ताई एवढं कशाला, मोबाईलवर रेकॉर्ड करा ना. किंवा ब्लूटूथ नेकबँड घ्या, वायरचा त्रासच नको.

आठ_दहाची_फास्ट | सोमवार, रात्री ९:५५

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन. तिथे वरचं बटण चालू असतं पण खाली जाऊन 'अलाऊ डेस्कटॉप अ‍ॅप्स' असं अजून एक असतं ते बंद असेल तर ऑडॅसिटीला माइक मिळतच नाही. माझं हेच झालं होतं एका इंटरव्ह्यूच्या आधी पाच मिनिटं, हातपाय गार पडले होते.

आणि ऑडॅसिटी आधी चालू असेल आणि पिन नंतर घातली तर त्याला नवीन माइक दिसत नाही. एकदा बंद करून उघडा, नाहीतर ट्रान्सपोर्ट मेनूत 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' करा.

गिरगावची_लेक | सोमवार, रात्री १०:१०

@आठ_दहाची_फास्ट दोन्ही बटणं चालू आहेत, आत्ताच बघितलं. आणि पट्टी तर विंडोजच्याच सेटिंगमधली बघतेय, ऑडॅसिटीपर्यंत गाडी पोचलीच नाहीये अजून.

@झटपट मोबाईलचा विचार केला होता पण बाबा अक्षरं मोठी करून स्क्रीनवर वाचतात, चुकलं की तिथेच थांबून कापतात, त्यांची सगळी सवय त्या टेबलाची आहे. अगदीच अडलं तर मोबाईल आहेच.

सोल्डरगन | सोमवार, रात्री १०:३२

ताई तुमची टिचकीवाली ओळ वाचली आणि उत्तर मिळालं. सेटिंगला हात लावू नका, सेटिंग बरोबर आहे.

नवीन पिन हातात घ्या आणि त्यावरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील. तीन रेघा म्हणजे पिनचे चार भाग. टोकापासून डावा कान, उजवा कान, ग्राउंड म्हणजे सगळ्यांची परतीची सामायिक तार, आणि सगळ्यात मागे माइक. मोबाईलच्या भोकात चारही भागांना भेटायला चार पत्त्या असतात. तुमच्या डेस्कटॉपच्या भोकांत तीनच. जुन्या हेडफोनच्या पिनांवर दोन-दोन रेघा असतील बघा, टाकला नसेल तर.

गुलाबी भोक आवाज आत घेतं ते पिनच्या टोकावरून. तुमच्या पिनच्या टोकावर आहे डावा कान. म्हणजे कॉम्प्युटर बिचारा डाव्या कानाच्या स्पीकरला माइक समजून ऐकतोय. आणि स्पीकर हा उलटा वापरला तर माइकच असतो, पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि चुंबक. टिचकी मारली, पडदा हलला, गुंडाळी हलली, थोडीशी वीज तयार झाली, पट्टी हलली. खऱ्या माइकची तार तिथे पोचतच नाहीये.

उपाय: स्प्लिटर घ्या. एका बाजूला चार भागांच्या पिनसाठी एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना, एकीवर माइकचं चित्र, एकीवर हेडफोनचं. शंभर-दीडशेत होऊन जाईल.

गिरगावची_लेक | सोमवार, रात्री १०:३८

तीन रेघा आहेत!!! आणि जुन्यावर दोन! बाबांना दाखवलं, ते भिंग घेऊन बसलेत पिन बघत. खूप खूप आभार, उद्या ऑफिसातून येताना घेऊन येते.

झटपट | सोमवार, रात्री १०:४५

मी अजूनही म्हणतो ब्लूटूथ बेस्ट. दीडशे रुपये वाया.

रिटायर्ड_साउंड | सोमवार, रात्री ११:२०

@झटपट, तुमचा उत्साह चांगला आहे पण या कामाला ब्लूटूथ नको. कारण सांगतो. ब्लूटूथवर गाणी ऐकतो तेव्हा आवाज एका पद्धतीने येतो आणि माइक चालू केला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते. विंडोजमध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री, ती यासाठीच. हँड्स-फ्रीमध्ये आवाज सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० वेळा मोजला जातो. साध्या वायरच्या माइकने ऑडॅसिटीत ४४,१०० वेळा. ८,००० वर 'स' आणि 'श' जवळपास सारखेच ऐकू येतात. जो मुलगा पुस्तक डोळ्याने बघणारच नाहीये त्याला 'सरासरी' आणि 'शिरोभाग' नीट ऐकू आलं पाहिजे, त्याचं शुद्धलेखन कानातून येणार आहे.

मी ३१ वर्षं ध्वनिमुद्रणात काढली. @सोल्डरगन यांचं निदान शंभर टक्के बरोबर आहे, फक्त एक भर घालतो. चार भागांच्या पिनांच्या दोन जाती आहेत. हल्ली सगळीकडे वरची रचना असते, पण जुन्या काही मोबाईलबरोबर आलेल्या हेडफोनमध्ये ग्राउंड आणि माइक यांची अदलाबदल असते. घरात तसा जुना पडला असेल तर तो या स्प्लिटरवर चालणार नाही.

आणि गुलाबी भोक फक्त आवाज घेत नाही, ते माइकला दोन-तीन व्होल्ट देतंही. या छोट्या माइकांना इलेक्ट्रेट म्हणतात. १९६२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेर्हार्ड सेस्लर यांनी हा प्रकार शोधला. आतल्या पातळ फिल्मवर विद्युतभार कायमचा बसवलेला असतो, पण शेजारी एक इवलासा ट्रान्झिस्टर असतो त्याला खायला लागतं. ते भोकातून मिळालं नाही तर माइक मुका.

पडद्यामागे | मंगळवार, सकाळी ७:०५

खायला लागतं वरून आठवलं. आमच्या एका एकांकिकेच्या वेळी स्टेजच्या कडेला ठेवलेले दोन कंडेन्सर माइक एकदम बंद. पहिली घंटा झालेली. वायर बदलली, मिक्सरचं चॅनल बदललं, माइक बदलला, सगळं करून झालं आणि मग कोणाच्यातरी लक्षात आलं की मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं बटण कोणीतरी बंद केलंय. कंडेन्सरला ते फँटम पॉवर लागतंच. हातात धरायचा साधा डायनॅमिक माइक त्याशिवाय चालतो, म्हणून निवेदनाचा माइक चालू होता आणि म्हणूनच आम्हाला वाटलं मिक्सर ठीक आहे.

दोन माइकमधला एक चालतो म्हणजे मधलं सगळं ठीक, असं समजायचं नाही हे तेव्हा शिकलो.

मंडपवाला_लालबाग | मंगळवार, सकाळी ९:३०

आमच्या मंडळाचा अनुभव सांगतो. आरतीच्या माइकची वायर तुटते ती मधे कधीच तुटत नाही, तुटते ती कनेक्टरच्या मानेपाशी. कारण पोरं वायर धरून माइक ओढतात, गुंडाळताना कोपरावर आवळून गुंडाळतात. बाहेरून रबर चांगलं दिसतं, आत तार तुटलेली. मान हलवली की खर्र खर्र आणि आवाज येतो जातो. मल्टिमीटर बीपवर लावायचा आणि एकेक पिन तपासायची, बीप येत असताना वायर हलवत राहायची. पाच मिनिटांत सापडतं. तिथून चार बोटं कापा, नवीन कनेक्टर सोल्डर करा, वायर पुढची दहा वर्षं.

कॉर्डलेस माइक असेल तर मात्र सेल. नवीन सेल. 'काल तर चालू होता' म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

आठ_दहाची_फास्ट | मंगळवार, सकाळी ९:४१

@मंडपवाला_लालबाग रात्री दहा वाजता मात्र चालू माइकसुद्धा आपोआप बंद पडतो ना 😄

मंडपवाला_लालबाग | मंगळवार, सकाळी ९:५०

दहाला बंद म्हणजे बंद. राज्य सरकार जे मोजके दिवस बारापर्यंत परवानगी देतं तेवढेच. समोरच्या बिल्डिंगमध्ये तान्ही बाळं आहेत, आम्ही घड्याळ लावून बसतो.

तानपुरा_ठाणे | मंगळवार, दुपारी २:१५

थोडं अवांतर करते पण प्रश्न माइकचाच आहे. मी ऑनलाइन गाणं शिकते. दोन महिने गुरुजी म्हणत होते तुझा तानपुरा लावतच नाहीस का. मी लावत होते! माइकवर माझा आवाज जायचा, तानपुरा मधेच गायब, हार्मोनियम धरून ठेवली की दोन सेकंदांत विरून जायची. मी माइक बदलला, नेट बदललं.

शेवटी कळलं की व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला पंखा समजतं आणि पुसून टाकतं. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे ते चालू केल्यावर पहिल्यांदा गुरुजींना माझा तानपुरा ऐकू गेला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले हं, आता षड्ज लाव. मला रडू आलं होतं खरं सांगते.

रिटायर्ड_साउंड | मंगळवार, दुपारी ३:००

@तानपुरा_ठाणे, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. तानपुऱ्याचा स्थिर नाद हाच त्या सॉफ्टवेअरच्या हिशेबात गोंगाट. गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा.

गिरगावची_लेक | मंगळवार, रात्री ८:५०

मंडळी, नाही झालं. 😞 चर्नी रोड स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून स्प्लिटर आणला, ८० रुपये. हेडफोन लावला, माइक नाहीच. ऐकूसुद्धा फक्त हिरव्यात घातला तरच येतंय. बाबा म्हणाले राहू दे, मी मोबाईलवर करतो, पण त्यांचा चेहरा बघवत नाही.

सोल्डरगन | मंगळवार, रात्री ८:५८

थांबा थांबा. स्प्लिटरला भोकं किती आणि पिना किती?

गिरगावची_लेक | मंगळवार, रात्री ९:०१

पिन एक, भोकं दोन. दोन्ही भोकं सारखीच दिसतायत, चित्र वगैरे काही नाही. पिनवर रेघा दोन.

सोल्डरगन | मंगळवार, रात्री ९:०६

हा उलटा आहे ताई. हा एका मोबाईलवर दोघांनी गाणी ऐकायचा स्प्लिटर. तुम्हाला हवा एक भोक आणि दोन पिनांचा. दुकानदाराकडे 'स्प्लिटर' म्हटलं की हाच देतात, तुमची चूक नाही, मीच चित्र काढून द्यायला हवं होतं.

गिरगावात आहात तर ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जा, तुमच्यापासून चालत. हेडफोन सोबत न्या. काउंटरवर म्हणा, मोबाईलचा माइकवाला हेडफोन डेस्कटॉपच्या गुलाबी-हिरव्याला लावायचाय. आणि तिथेच कोणाच्यातरी डेस्कटॉपला लावून बघून मगच पैसे द्या.

झटपट | मंगळवार, रात्री ९:१५

ताई मी ग्रँट रोडलाच काम करतो, दुकानं सातपर्यंत गजबजलेली असतात, उद्या ऑफिस सुटल्यावर थेट जा, उशीर करू नका. ब्लूटूथचं माझं म्हणणं मागे घेतो, रिटायर्ड काकांनी समजावल्यावर मी माझ्याच आवाजाचं दोन्ही पद्धतीने रेकॉर्डिंग करून ऐकलं. खूपच फरक आहे.

पावसाळी | मंगळवार, रात्री ११:४०

एक अजून शक्यता लिहून ठेवते, पुढे कोणाला उपयोग होईल. मुंबईच्या हवेत चार महिने दमट आणि वर समुद्र, पितळी पत्त्यांवर हिरवट-काळा थर धरतो. कॅबिनेटच्या पुढच्या भोकांना जास्त, त्यातून पुढची भोकं आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि असेंबल करणारा ती वायर कधीकधी लावायचीच विसरतो. तेव्हा माइक नेहमी मागच्या भोकात लावून तपासायचा.

मोबाईलचा माइक पावसात भिजला तर पिन किंवा सुई घालू नका खालच्या भोकात. आत पातळ पडदा असतो, तो फाटला की संपलं. फोन उभा धरून निथळू द्या, रात्रभर पंख्याखाली ठेवा.

गिरगावची_लेक | बुधवार, रात्री ८:२०

चालू झालं!!! १४० रुपये. दोन पिना, मागच्या भोकांत लावल्या, पट्टी नाचायला लागली. बाबांनी पहिलं वाक्य म्हटलं, 'भारत व ब्राझील, स्थान आणि विस्तार', आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलो.

पण... रेकॉर्डिंग परत ऐकलं तर मागे सतत घूंऽऽऽ. पंखा बंद, फ्रिज लांब. आणि गंमत म्हणजे बाबांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की घूं कमी होतं. बाबा म्हणतात हातात हलक्या झिणझिण्या पण येतात.

रिटायर्ड_साउंड | बुधवार, रात्री ८:३५

हात लावायचं लगेच थांबवा. हे अर्थिंग आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचाच हा नाद. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये एक फिल्टर असतो, तो अर्थिंगची वायर आहे असं धरून बनवलेला असतो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर थोडी वीज तरंगत राहते. तीच झिणझिणी आणि तीच घूं. बाबांचा हात लागला की त्यांच्या अंगातून थोडी वाट मिळते म्हणून कमी होतं.

कॉम्प्युटर कशाला लावलाय? भिंतीला की एक्स्टेंशनला? एक्स्टेंशनच्या वायरचं शेवटचं टोक बघा, दोन पायांचं आहे का?

गिरगावची_लेक | बुधवार, रात्री ८:४४

एक्स्टेंशन. वर तीन भोकांचे सॉकेट आहेत पण भिंतीत जाणारं टोक... दोनच पाय. 😳 आठ वर्षं वापरतोय.

मंडपवाला_लालबाग | बुधवार, रात्री ८:५२

फेकून द्या आजच्या आज. वर तीन भोकं आणि खाली दोन पाय, म्हणजे तिसरं भोक नुसतं शोभेला. तीन पायांचं चांगलं घ्या. आणि जुनी बिल्डिंग असेल तर वायरमनला बोलावून भिंतीतल्या अर्थिंगला खरंच वायर आहे का तपासून घ्या. कोणी म्हणेल अर्थिंगचं टोक न्यूट्रलला जोडतो किंवा नळाला बांधतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मंडपात असल्या जुगाडाने माणूस जाताजाता वाचलेला मी बघितलाय.

आठ_दहाची_फास्ट | बुधवार, रात्री ९:३०

माइकचं सांगायला आलो आणि आता घरातली सगळी एक्स्टेंशन तपासून बसलोय. दोन निघाली. आईच्या मिक्सरचं एक त्यातच.

गिरगावची_लेक | शुक्रवार, रात्री १०:०५

उशीर झाला लिहायला. काल वायरमन आले, भिंतीतली अर्थिंगची वायर होती पण सॉकेटच्या मागे सुटलेली होती, नीट बसवली. नवीन एक्स्टेंशन. घूं गेलं. झिणझिण्या गेल्या. एक धडा संपला. आता बाबांनाच लिहायचंय इथे, त्यांना खुर्ची देते.

गिरगावची_लेक | शुक्रवार, रात्री १०:३०

नमस्कार. मी तिचा बाबा. आपण सर्वांनी माझ्यासाठी इतका विचार केलात, मी प्रत्येक उत्तर दोनदा वाचले. रिटायर्ड साउंड यांना एक शंका. माझा 'भ' आणि 'फ' रेकॉर्डिंगमध्ये फुटतो, फट् असा आवाज येतो. भूगोलात भारत, भूरूपे, भूभाग, दर ओळीला 'भ' आहे. काय करावे?

रिटायर्ड_साउंड | शुक्रवार, रात्री १०:४८

नमस्कार साहेब. माइक तोंडासमोर आहे म्हणून. दांडी वळवून माइक ओठांच्या कोपऱ्याशी, गालाच्या बाजूला, दोन बोटं अंतरावर आणा. 'भ' चा श्वास सरळ पुढे जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. श्वास चुकवायचा, आवाज पकडायचा. फोम निघाला असेल तर परत चढवा.

खोली घुमत असेल तर कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसा. आणि लोकल ऐकू येत असेल तर शेवटची गेल्यावर वाचायला बसा, रात्री एक ते चार मुंबई बरीच शांत असते. पण झोप सांभाळून.

तानपुरा_ठाणे | शुक्रवार, रात्री ११:०२

काका एक विचारू? भूगोलात नकाशे असतात, ते तुम्ही कसे वाचता?

गिरगावची_लेक | शुक्रवार, रात्री ११:३५

(बाबाच लिहीत आहेत.) हा फार चांगला प्रश्न आहे. पहिल्या वर्षी मी नुसते 'आकृती पाहा' असे वाचून पुढे जात असे. एका मुलाने संस्थेमार्फत निरोप पाठवला की काका, मी पाहू शकत नाही, तुम्ही पाहा आणि मला सांगा. तेव्हापासून दर नकाशाला मी पाच-सात मिनिटे देतो.

ब्राझील असा सांगतो. तुझ्यासमोर जेवणाचे ताट आहे असे समज. दूरचा काठ उत्तर, तुझ्याकडचा दक्षिण. उजव्या काठाला पूर्ण समुद्र, तो अटलांटिक. डाव्या काठाला शेजारचे देश खेटून बसलेत. दक्षिण अमेरिकेत चिली आणि इक्वेडोर सोडले तर सगळ्यांशी ब्राझीलची हद्द लागते. आता ताटाच्या दूरच्या भागात डावीकडून उजवीकडे बोट फिरव, ती अ‍ॅमेझॉन, आणि ती जिथे समुद्राला मिळते तिथेच जवळून विषुववृत्त जाते. आता बोट तुझ्या जवळ आण, उजवीकडे, समुद्रापासून थोडे आत, ते साओ पावलो. तिथून मकरवृत्त जाते. आपल्याकडे कर्कवृत्त देशाच्या मधून जाते, तिथे मकरवृत्त देशाच्या खालच्या भागातून.

आठ_दहाची_फास्ट | शुक्रवार, रात्री ११:४१

काका मी डोळे मिटून ताटावर बोट फिरवलं. पुढील स्टेशन साओ पावलो! माझी मुलगी दहावीत आहे, तिला दिसतं, तरी मी हेच वाचून दाखवणार आहे.

सोल्डरगन | शनिवार, सकाळी ८:१५

काका, दुसऱ्या धड्यासाठी शुभेच्छा. तो उलटा ८० रुपयांचा स्प्लिटर टाकू नका. संस्थेत दोन मुलांना एकाच मोबाईलवर धडा ऐकायचा असेल तर तोच लागतो.

गिरगावची_लेक | रविवार, संध्याकाळी ६:२०

दोन्ही धडे पोचवले. स्प्लिटर पण दिला.